नऊ इंच

अमरावती-अकोला महामार्गावर जून 2022 मध्ये 75 किलोमीटरचं डांबरीकरण 105 तास 33 मिनिटांत झालं आणि गिनीज बुकात त्याची नोंद झाली. त्याच महामार्गावरून उत्तरेला सातपुड्याकडे निघालं, अकोट-अंजनगावच्या पट्ट्यात आलं, की गावातून वावरात जाणारे पांदण रस्ते लागतात. पावसाळ्यात त्यांची नोंद होते ती फक्त बैलांच्या गुडघ्यांवर. ही गोष्ट या दुसऱ्या जातीच्या रस्त्यावरची आहे.

तिथल्या एका गावात आबांची संत्र्याची बाग होती. कडेला थोडी पानपिंपरी, उरलेल्या वावरात कपाशी आणि तूर. घरी ट्रॅक्टर नव्हता. होती ती एक जुनी फोर व्हील पिकअप, जीपच्या खानदानातली. दुसऱ्या महायुद्धासाठी अमेरिकेत घडलेली विलीज जीप महिंद्रानं 1947 पासून आपल्याकडे जुळवायला घेतली आणि तिचा सांगाडा पुढे कितीतरी गाड्यांमध्ये उतरला. आबांच्या पिकअपलाही पुढे-मागे सलग हाउसिंग, चारही चाकांवर कमानपाटे, 2523 सीसीचं डिझेल इंजिन आणि गिअरच्या दांडीशेजारी आणखी दोन दांड्या: एक पुढची चाकं जोडायची, दुसरी लो गिअरची.

आबा ती गाडी फार हळू चालवत. पांदणीच्या तोंडाशी थांबायचे, उतरून चारही चाकांची थोडी थोडी हवा सोडायचे, फोर व्हील टाकायचे आणि मगच आत शिरायचे. परत डांबराला लागले की पहिलं काम दांडी मागे ओढायचं, दुसरं हवा भरायचं. त्यासाठी सीटमागे पायाचा पंप ठेवलेला असे. घरात कुणी त्यांना कारण विचारलं नाही आणि त्यांनीही कधी सांगितलं नाही. आपल्याकडच्या बऱ्याच बापांचं शहाणपण असंच हातात राहतं, तोंडात येत नाही. मुलांना ती म्हाताऱ्याची खोड वाटते.

गुडघे बोलायला लागले तशी आबांनी किल्ली धाकट्याकडे दिली. थोरला बाग बघायचा. गाडी आणि बाजार धाकट्याचा.

गाडीचंही वय झालं होतं. भरली की उजवीकडे कलायची, चढावर काळा धूर ओकायची. चाळीसच्या वर गेली की स्टिअरिंग हातात थरथरायचं आणि ब्रेक मारला की गाडी डावीकडे ओढायची. रात्री दिव्यांचा उजेड रस्त्यापर्यंत पोचेल तर शपथ. धाकट्यानं ती अकोटला चाचांच्या गॅरेजात नेली.

चाचा म्हणजे त्या भागातल्या जुन्या डिझेल गाड्यांचे वैद्य. त्यांचे उस्ताद मूर्तिजापूरला शकुंतलेवर फिटर होते. मूर्तिजापूरहून अचलपूरला आणि यवतमाळला जाणाऱ्या त्या छोट्या गाडीचं वाफेचं इंजिन 1921 साली मँचेस्टरला बनलं होतं आणि 1994 पर्यंत त्यानं वऱ्हाडात काम केलं. उस्तादांनी चाचांना शिकवलं ते एवढंच: झिजलं ते बदल, झिजलं नाही त्याला उगाच पाना लावू नको.

चाचांनी पिकअपभोवती एक चक्कर मारली, वाकून खाली पाहिलं आणि म्हणाले, "धुऊन आन."

"चाचा, धुवाले नाही आनली. बनवाले आनली."

"चिखलाखाली काय तुटलं हाय ते मले दिसत नाही. दिसल्याबिगर मी हात लावत नाही."

धाकट्यानं कुरकुरत गाडी धुऊन आणली. चाचा टॉर्च घेऊन खाली सरकले आणि बराच वेळ त्यांचे नुसते पाय दिसत राहिले. बाहेर आले तेव्हा सगळा हिशोब तयार होता. मागच्या उजव्या बाजूचा दुसरा पाटा मधोमध तुटलेला आणि शॅकलचे बुश खाल्लेले, म्हणून गाडी कलते. एअर फिल्टर मातीनं गच्च, नोझल डिझेल फवारायच्या ऐवजी ठिबकवतात, म्हणून काळा धूर आणि ओढ नाही. किंगपिनचे बेरिंग ढिले, म्हणून थरथर. पुढच्या उजव्या चाकाच्या ब्रेकचा सिलिंडर गळून लायनर तेलकट झालेलं. ती बाजू धरत नाही, डावी धरते, म्हणून डावीकडे ओढ.

खर्चाचा आकडा धाकट्याला जड वाटला नाही. त्याला खटकलं ते वेगळंच.

"इतके पैसे लावल्यावर गाडी दिसीन कशी?"

"आता दिसते तशीच."

"मंग लोकायले दाखवू काय?"

अशा प्रश्नाला चाचा उत्तर देत नसत. ते पाना पुसायला लागत. धाकटा गाडी घेऊन घरी आला आणि त्या आठवड्यात अमरावतीला गेला.

मोबाइलवर त्यानं वाळवंटात उड्या मारणाऱ्या, खडकांवर चढणाऱ्या पिकअप पाहून ठेवल्या होत्या. हे व्हिडिओ खोटे नसतात. फक्त त्यातल्या गाडीवर मागे संत्र्याचे कॅरेट नसतात आणि दुसऱ्या दिवशी तीच गाडी बाजाराला न्यायची नसते. अमरावतीच्या गॅरेजवाल्यानं गाडी न धुताच कामाला घेतली. मागे दोन जादा पाटे घातले, पुढे शॅकल लांब करून गाडी उचलली. चेसिसच्या दोन्ही दांड्यांवर जाड लोखंडी पट्ट्या वेल्डिंग करून चिकटवल्या, "आता हत्ती बसला तरी वाकत नाही" म्हणून. बंपरवर दणकट गार्ड बसवला, टपावर दिव्यांची रांग. आणि टायर: रुंद, उंच, खोल नक्षीचे. ते पुढे लावून पाहिले तर स्टिअरिंग वळवताना पाट्याला घासत होते.

"पुढचे मागाहून पाहू," गॅरेजवाला म्हणाला.

"ट्रॅक्टरचे बी मागचेच मोठे असते," धाकट्यानंच त्याला वरून कारण पुरवलं.

नोझलला कुणी हात लावला नाही.

गाडी गावात शिरली त्या संध्याकाळी पारावरची माणसं उठून उभी राहिली. पोरांनी फोटो काढले. आबा ओट्यावरून म्हणाले, "उंच झाली," आणि आत गेले. धाकट्याला ते कौतुक वाटलं.

पहिला फटका बाजारात बसला. जादा पाट्यांमुळे गाडी इतकी कडक झाली होती, की रस्त्यावरचा प्रत्येक खड्डा थेट मालाला पोचायचा. पाटा वाकतो तो दणका पोटात घेण्यासाठी. तो वाकलाच नाही तर दणका घेणार कोण? संत्र्यांनी घेतला. परतवाड्याला व्यापाऱ्यानं कॅरेटमध्ये खोल हात घातला, तळाची चार फळं दाबून पाहिली आणि दर पाडला. धाकट्यानं दोष रस्त्याला दिला.

मग गाडीची ओढ आणखी कमी झाली. मोठा टायर म्हणजे न बदलता बदललेला गिअर: चाकाच्या एका फेऱ्यात गाडी जास्त पुढे जाते, म्हणजे तेवढा जोर इंजिनानं जास्त लावायचा. ठिबकणाऱ्या नोझलचं इंजिन तो कुठून आणणार? धूर वाढला, क्लच जळका वास सोडायला लागला. स्पीडोमीटर मात्र खऱ्यापेक्षा कमी वेग दाखवत होता, म्हणून धाकटा आणखी दाबायचा.

फिटनेसची मुदत जवळ आली होती. माल वाहणाऱ्या गाडीला आठ वर्षांनंतर दरवर्षी फिटनेस लागतं. अकोल्याला मोटार वाहन निरीक्षकानं गाडी पाहिली आणि कागद परत दिले. कायदा साधा आहे. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 प्रमाणे कंपनीनं ठरवलेल्या रचनेत मालकाला मनानं फेरबदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी 2019 मध्ये हेच पुन्हा बजावलं, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं अशा दर बदलामागे 5000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही ठेवलं. बंपरवरच्या गार्डवर तर केंद्रानं डिसेंबर 2017 मध्येच राज्यांना कारवाई करायला सांगितलं होतं. धाकटा घरी येऊन म्हणाला, "पैसे खायाले पायजे त्यायले." निरीक्षकानं पैसे मागितले नव्हते. पण आपल्याला नको असलेलं खरं कुणी सांगितलं, की त्याला लाचखाऊ ठरवणं सगळ्यात स्वस्त पडतं. मुदत संपायला अजून दिवस आहेत, आधी माल काढू, असं त्यानं ठरवलं.

आंबिया बहाराची तोड सुरू झाली आणि नेमका अवकाळी पाऊस आला. पांदणीची काळी माती फुगली. कॅरेट भरून धाकट्यानं फोर व्हील टाकली आणि गाडी आत घातली. गाडी गेली. हे मान्य करायलाच हवं. डुलत, चिखल उडवत, पण गेली. गावातल्या दोन गाड्या तिथेच फसलेल्या होत्या. धाकट्यानं हॉर्न वाजवला.

डांबराला लागल्यावर त्यानं दांडी मागे ओढून पाहिली. ती येईना. जोर लावला, तरी घट्ट. राहू दे, म्हणून तो तसाच अंजनगावकडे निघाला. गाडी अडखळल्यासारखी चालत होती, वळणावर पुढचं चाक कुरकुरत होतं. अंजनगाव मागे पडलं. पथ्रोटच्या अलीकडे खालून बंदुकीसारखा आवाज झाला आणि मागे रस्त्यावर तेलाची रेघ उमटली. संत्री दुसऱ्याच्या गाडीत भरून, त्याला भाडं देऊन परतवाड्याला गेली. पिकअप एका ट्रॅक्टरच्या मागे बांधून रात्री उशिरा अकोटला आली.

सकाळी चाचांनी दार उघडलं, गाडी पाहिली आणि म्हणाले, "धुऊन आन."

या वेळी धाकटा काही बोलला नाही.

गाडी धुतली गेली तेव्हा आबाही एसटीनं येऊन स्टुलावर बसले होते. चाचांनी दोन्ही शाफ्ट उतरवले, फुटलेला फोर व्हीलचा छोटा गिअरबॉक्स खाली काढला, त्याचे दात पातेल्यात ओतून दाखवले. मग खडूचा तुकडा घेतला. पुढच्या टायरला जमिनीजवळ एक खूण केली, समोर फरशीवर एक. धाकट्याला आणि हाताखालच्या पोट्ट्याला गाडी ढकलायला लावली, चाकाचा एक पूर्ण फेरा होईपर्यंत. खडूची खूण पुन्हा खाली आली तिथे फरशीवर दुसरी रेघ मारली. मागच्या चाकाचंही तसंच केलं. टेप धाकट्याच्या हातात दिली.

पुढचं अंतर सात फूट चार इंच भरलं, मागचं आठ फूट एक इंच.

"फरक किती?"

"नऊ इंच."

"फोर व्हील टाकली का पुढचं अन् मागचं चाक एकाच हिशोबानं फिरते. त्यायले जोडनाऱ्या दातायले ठाऊक नाही का तुनं टायर बदलवले. मागचं फेऱ्याले नऊ इंच पुढं जाते, पुढचं म्हनते, मी तं इथंच हावो. किलोमीटरमांगं नव्वद मीटरच्या वर फरक पडते. चिखलात चाक घसरते, तवा तो फरक मातीत जिरते. डांबरावर चाक घसरत नाही. मंग तो फरक जाईन कुठी?" त्यांनी पातेलं पायानं हलवलं. दात वाजले. "इथं जाते."

"पन चाचा, ट्रॅक्टरचे मागचे..."

"ट्रॅक्टरले पुढची ओढ अलग दातायची असते. कंपनीनं हिशोब करून बनवली राहते. तुनं हिशोब केला व्हता काय? उंच बैल अन् बुटका बैल एका जुवाले जुपला तं मान कोनाची सुजते?"

धाकट्यानं आबांकडे पाहिलं. डांबर लागलं की दांडी का ओढायची, हे त्याला आता कळलं होतं. टायर सारखे असले तरी वळणावर पुढची चाकं मागच्यांपेक्षा लांबचा फेरा घेतात, कडक रस्त्यावर तोही फरक दातांवरच येतो. म्हणून फोर व्हील ही चिखलाचीच.

चाचाही आबांकडेच पाहत होते. "आबा, तुमाले तं हे मालूम व्हतं. पोराले सांगतलं काहून नाही?"

"त्यानं इचारलं नाही."

"अन् तुमी?"

आबांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. माझ्या मते या गोष्टीत सगळ्यात अवघड प्रश्न तोच होता, आणि त्याचं उत्तर त्या दिवशी मिळालं नाही.

चेसिसची गोष्ट त्याहून वाईट निघाली. जाड पट्टी जिथे संपत होती, बरोबर तिथे, डाव्या दांडीला केसाएवढी भेग पडून ती अर्ध्यावर पोचली होती. गाडीची चेसिस खड्ड्यात थोडी पिळते, वाकते, परत सरळ होते. तिला तसंच घडवलेलं असतं. मधला भाग पट्ट्यांनी ताठ केला की सगळा वाक पट्टीच्या टोकाशी गोळा होतो, आणि वेल्डिंगच्या उष्णतेनं तिथलं लोखंड आधीच कमजोर झालेलं असतं. जोर वाढवायला लावलेली पट्टी जोर तोडायच्या जागेवर नेऊन ठेवते. धाकट्यानं भेगेवरून नख फिरवलं. हीच गाडी त्यानं वीस-बावीस गावांतून मिरवली होती, कधी मागे चार मजूर उभे असताना.

चाचांनी ग्राइंडरनं पट्ट्या कापून काढल्या. गार्ड, टपावरचे दिवे, जादा पाटे, लांब शॅकल, सगळं उतरवलं. भेगेच्या टोकाला ड्रिलनं बारीक भोक पाडलं, म्हणजे ती पुढे सरकत नाही. मग भेग खरवडून वेल्डिंग भरलं आणि वर एक ठिगळ लावलं, टोकाकडे निमुळतं कापलेलं, म्हणजे ताण एका रेघेवर येत नाही. पाटे अकोल्याच्या कमानवाल्याकडे गेले. तुटलेला बदलला, बाकीच्यांना पुन्हा कमान दिली. नोझल, फिल्टर, किंगपिनचे बेरिंग, ब्रेकचा सिलिंडर, शॅकलचे बुश, सगळं जुन्या यादीतलंच. नव्यानं भर पडली ती छोट्या गिअरबॉक्सची, क्लचप्लेटची आणि चेसिसची. ही तीन कामं पहिल्या यादीच्या कितीतरी पट महाग पडली.

मात्र चाचा बदलाच्या विरोधातले नव्हते. असते, तर ही गोष्ट लिहायचं कारण नव्हतं. जुनी वस्तू आहे तशीच देव्हाऱ्यात ठेवणाऱ्यांचाही एक आडमुठेपणा असतो, आणि पांदणीच्या रस्त्यावर त्याचा काही उपयोग नाही. त्यांनी धाकट्याला विचारलं, "ही गाडी कुठी अडते, ते सांग. कशी दिसावी ते नको सांगू."

धाकटा विचारात पडला. असा प्रश्न त्यानं स्वतःला कधी घातलाच नव्हता. मग एकेक सांगायला लागला. नाल्यातून गेलं की पुढच्या हाउसिंगचं तेल दर वेळी दुधाळ होतं. रात्री बागेतून निघताना बांध दिसत नाही. फसली तर दोर बांधायला धड जागा नाही, बंपरला बांधला तर बंपर हातात येतो.

दुधाळ तेलाचं कारण हाउसिंगवरच्या एका छोट्या श्वासनळीत होतं. चालून गरम झालेलं हाउसिंग नाल्याच्या गार पाण्यात बुडालं की आतली हवा आक्रसते आणि त्या नळीतून पाणी आत ओढलं जातं. चाचांनी दोन्ही हाउसिंगच्या श्वासनळ्यांना रबरी पाइप जोडले आणि त्यांची तोंडं वर, पाणी कधीच पोचणार नाही अशा उंचीवर नेऊन बांधली. दिव्यांसाठी नवे दिवे आणलेच नाहीत. जुन्या गाडीत दिव्याचा सगळा करंट लांब, बारीक वायरीतून, झिजलेल्या स्विचमधून फिरून येतो आणि वाटेतच दम तोडतो. त्यांनी बॅटरीजवळ रिले बसवला, जाड वायर थेट दिव्यांना दिली, अर्थिंगचा गंज घासला. तेच जुने दिवे कंपाउंडच्या पलीकडच्या भिंतीवर लख्ख पडले. शेवटी पुढे आणि मागे चेसिसलाच बोल्टनं पक्के हूक लावले.

तिन्ही बदलांचा मिळून खर्च टपावरच्या दिव्यांच्या रांगेपेक्षा कमी होता, आणि तिन्हींपैकी पारावरून काहीच दिसत नव्हतं. चारही चाकांना कंपनीनं सांगितलेल्या मापाचे, एकसारखे, खोल नक्षीचे टायर आले.

निघताना धाकट्यानं विचारलं, "चाचा, पहिल्याच डावाले तुमी मले जोर देऊन सांगतलं असतं तं?"

"तू आयकला असता?"

"नाही."

"मंग मायी बी चूक नाही अन् तुयी बी कमी व्हत नाही," चाचा म्हणाले आणि बिल हातात दिलं. त्यात त्यांनी एक पैसाही सोडला नव्हता.

अकोल्याला गाडी फिटनेस पास झाली. मृग बहाराच्या तोडीला पांदणीच्या तोंडाशी गाडी थांबली तेव्हा धाकटा उतरला, हवा सोडायला लागला, आणि सोबत आलेल्या थोरल्याच्या पोरानं विचारायच्या आधीच त्याला कारण सांगायला लागला: टायर पसरतो, माती जास्त धरतो, डांबरावर मात्र पुन्हा भरायची, नाहीतर कडा जळतात. पोरगं कंटाळून संत्री खात होतं. धाकट्यानं तरी सगळं सांगितलं, दांडीचंही.

ते रुंद, उंच दोन टायर त्यानं विकायला काढले. अंजनगावचा एक तरुण ते अर्ध्या किमतीत घेऊन गेला. त्याची पिकअपही फोर व्हील आहे, आणि टायर तो मागेच लावणार आहे. धाकट्यानं त्याला खडू, टेप आणि नऊ इंचांचा सगळा हिशोब समजावून सांगितला. त्यानं मान डोलावली, पैसे मोजून दिले आणि विचारलं, "पन दिसतीन तं भारी ना?"